घड्याळासकट

मयुरीच्या नावापुढचा लाल ठिपका पुसला गेला होता.

नलिनीने चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या, पुन्हा चढवला. पडद्यावरचे पान तसेच उभे होते. नाव मयुरी प्रफुल झाडे, वय बावीस, गाव आमघाट, पहिली खेप. ठिपक्याच्या जागी आता एक पिवळी पट्टी होती, तिच्यात 'स्थलांतरित' हा शब्द आणि शेजारी तारीख, तीन नोव्हेंबर. खालचा रक्तदाबाचा रकाना रिकामा होता. इतका स्वच्छ रिकामा, की त्यात कधी काही लिहिले गेले असेल असे कुणाला वाटले नसते.

पहाटेचे साडेपाच वाजले होते. पुढच्या खोलीत बंडूजी गिरणीचा पट्टा चढवत होते. एवढ्या वेळात बायकोच्या बोटांचा टकटकाट ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी दारातून डोकावले.

"काय झालं अवं? अशी काऊन पाहून राह्यली?"

"मयुरीचं पान बदलवलं कोणीतरी."

"ते गेली ना बिचारी. मंग पान बदलणारच."

"वारली ते एकोणतीस तारखेले. हे म्हणते, तीन तारखेलेच गाव सोडून गेलती. सात तारखेले तिच्या अंगणात बसून मी बीपी पाह्यला तिचा. गावात नसलेल्या बाईचा बीपी पाह्यला काय मी?"

बंडूजींनी पट्टा हातातच धरून ठेवला. सिंदी मेघेच्या त्या गल्लीत आणखी अर्ध्या तासाने डबे घेऊन बायका येऊ लागणार होत्या. त्यांनी हळूच विचारले, "तुया त्या फोटोइत असन ना?"

नलिनी 'कच्चं' नावाचा फोल्डर उघडत होती.

आमघाटच्या उपकेंद्रात ती चौदा वर्षांपासून आरोग्यसेविका होती, कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश, मध्ये एका दिवसाचा खंड, म्हणजे चौदा वर्षांची नोकरी कधी सलग चौदा वर्षांची होऊ नये. गाव बसने अर्ध्या तासावर. नोंदींचे सरकारी पोर्टल दिवसा उघडत नसे, उघडले तर नोंद भरता भरता मान टाकत असे. म्हणून तिच्या पेशातल्या साऱ्याजणी पहाटे, घरी, चूल पेटण्याआधी नोंदी भरत. तिच्या घरचा संगणक मुलीच्या, अपेक्षाच्या शिक्षणासाठी घेतलेला. अपेक्षा नोकरीला नागपूरला गेली आणि तो आईकडे राहिला. त्याच्यावर मेणकापडाचा अभ्रा असे, तरीही गिरणीचे पीठ कुठून कुठून शिरे आणि कळांच्या फटींतून पांढऱ्या रेषा उमटत.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी एकेचाळीस बाळांच्या लसीच्या नोंदी पोर्टलवरून नाहीशा झाल्या होत्या. त्या तिने भरल्या होत्या, पण तसे म्हणायला तिच्याजवळ तिच्या शब्दाखेरीज काही नव्हते. खुलासा मागणारी नोटीस आली. तिने एकेचाळीस घरांचे उंबरठे पुन्हा झिजवले. तेव्हा अपेक्षाने फोनवरून शिकवले होते.

"आई, किबोर्डवर वर उजव्या बाजूले पाह्य. प्रिंट-स्क्रीन लिहून आहे. दाब ते."

"दाबलं."

"झालं."

"काय झालं? कागद तर नाई आला बाहेर."

"कागद कोठून येईन बाप्पा! प्रिंटर आहे काय आपल्याकडं? पडद्याचा फोटो निघाला. तो आत आहे. दिसत नाई फक्त."

दिसत नसलेल्या गोष्टी आत असतात, यावर विश्वास ठेवणे नलिनीला अवघड नव्हते. पोटावर हात ठेवून बाळाची दिशा सांगण्यात तिचे आयुष्य गेले होते. तिने त्या पहाटे तीस नोंदी भरल्या, तीस वेळा कळ दाबली आणि मग पेंट उघडून सारे एकदम चिकटवायला गेली. एकच चित्र उतरले, शेवटचे. उरलेली एकोणतीस कुठेच नव्हती. यंत्राच्या मुठीत एका वेळी एकच चित्र मावते, दुसरे घेताच पहिले गळून पडते, हे तिला त्या दिवशी कळले. तेव्हापासून दर नोंदीला तिचा क्रम ठरला: दाबणे, चिकटवणे, गावाचे नाव, बाईचे नाव, तारीख, आणि जतन.

अपेक्षा म्हणाली होती, खालची पट्टी कापून टाकत जा, फोटो सुबक दिसतात. त्या पट्टीच्या कोपऱ्यात संगणकाचे घड्याळ होते. नलिनीने कधीच कापली नाही.

फोल्डरला 'कच्चं' हे नाव तिने आपल्या कामातून आणले होते. प्रत्येक सेविकेजवळ दोन रजिस्टरे असतात. पक्के कपाटात राहते, सुवाच्य अक्षरात, तपासणीला येणाऱ्यांसाठी. कच्चे पिशवीत राहते. ते उभ्याने, गोठ्याच्या दारात, कुणाच्या बाजेवर टेकून लिहिलेले असते, त्याच्यावर घामाचे आणि तेलाच्या बोटांचे डाग असतात. दोन्हींत फरक पडला, तर कोणते खरे मानायचे हे त्या साऱ्याजणींना न विचारता ठाऊक असते.

'आमघाट-मयुरी-१०नोव्हें' या नावावर तिने कळ दाबली.

लाल ठिपका तिथे होता. त्याच्यासमोर 'जोखमीची माता'. रक्तदाब एकशे पन्नास, खाली शंभर, सात नोव्हेंबर. त्याच्याखाली एक बारीक ओळ: 'वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहिले: होय, ९ नोव्हेंबर'. डॉक्टरांचा शेरा पाहायला पान पुन्हा उघडले, त्या पहाटेचे कोपऱ्यातले घड्याळ पाच वाजून चौदा मिनिटांवर थांबलेले होते.

ती बराच वेळ त्या दोन पानांकडे आळीपाळीने पाहत राहिली. मग तिने आजच्या, पुसलेल्या पानाचाही फोटो घेतला, त्याला नाव दिले आणि पहिल्याच्या शेजारी ठेवून दिला. पुढच्या खोलीत गिरणी सुरू झाली आणि पडदा किंचित थरथरू लागला.

*

"बसा, सिस्टर. चहा सांगू?"

प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी डॉ. खडतकर वाईट माणूस नव्हते. गेल्या हिवाळ्यात रुग्णवाहिकेचा चालक सुटीवर असताना आमघाटची एक अडलेली बाई त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेली होती आणि मागच्या आसनावरचे डाग स्वतः धुतले होते. नलिनीला ते आठवत होते, म्हणूनच समोर सरकवलेला कागद वाचताना तिला अधिक त्रास झाला.

'सदर महिला दि. ३ नोव्हेंबर रोजी आरोग्य यंत्रणेस कोणतीही पूर्वसूचना न देता माहेरी निघून गेली. त्यानंतर तिची तपासणी होऊ शकली नाही.' खाली तिच्या सहीची जागा होती.

"हे खोटं आहे सर."

"सिस्टर, पंधरा तारखेला आढावा बैठक आहे. त्याआधी कागद जुळलेले असावे लागतात. माहेरी ती गेलीच ना? आठ-दहा दिवस इकडे, आठ-दहा दिवस तिकडे."

"तिकडचे काय म्हणतात?"

"तिकडचे म्हणतात, आमच्या यादीत नाव नाही, तुमची सून. आपण म्हणायचं, आपल्या यादीतून गेली, तुमची लेक."

"म्हणजे ते कोणाचीच नाई."

डॉक्टरांनी पेन टेबलावर आडवे ठेवले. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून आई तिला घेऊन जाते, हे त्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. पोर्टलला मात्र ही रीत ठाऊक नव्हती. त्याच्या लेखी बाई या गावात असते किंवा त्या गावात. दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर जीपमध्ये बसलेल्या बाईसाठी त्यात रकाना नव्हता. मयुरीचे माहेर तळेगावच्याही पलीकडे एका खेड्यात होते. झटके आल्यावर मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर ती गेली, पोटातल्या बाळासह, आणि तेव्हापासून दोन्ही याद्यांच्या बाहेर होती.

"तुम्ही पाह्यलं होतं सर," नलिनी म्हणाली. "नऊ तारखेले. 'होय' असं लिहून होतं."

"दिवसाला दोनशे पानं येतात माझ्यापुढे. मी 'पाहिले' दाबतो." ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांपर्यंत आता पोचले असावे. मग सूर बदलून म्हणाले, "तीन वर्षं आपल्या केंद्राचा मातामृत्यूंचा आकडा शून्य आहे. आणि जानेवारीत तुमचा आदेश संपतोय. शिफारस माझ्याकडून जाते, हे तुम्हाला सांगायला नको."

"नाई, सांगाची गरज नाई."

"मग?"

नलिनीने कागद उचलला, नीट दुमडला आणि त्यांच्याच पेनाखाली ठेवला.

"सही मी नाई करत, सर."

*

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच खडखडत होती. बाहेर तुरीची शेते पिवळी पडली होती. नलिनी त्या दुपारचा विचार करत होती, जिचा फोटो तिच्या कुठल्याही फोल्डरमध्ये नव्हता.

बारा नोव्हेंबरला मयुरीचे डोहाळजेवण होते. नलिनी मुद्दाम गेली होती, पिशवीत लाल गोल चिठ्ठ्यांचा ताव घेऊन. सात तारखेला मयुरीचे तपासणीचे कार्ड घरात नव्हते. नवरा प्रफुल ते मोटारसायकलच्या डिकीत घालून कारखान्यात गेला होता. त्यामुळे रक्तदाब तिच्या कच्च्या रजिस्टरात आणि पोर्टलवर चढला, कार्डावर नाही. तो आज लिहायचा आणि वर लाल चिठ्ठी लावायची, असे तिने ठरवले होते. ती चिठ्ठी पाहिली की कुठल्याही गावची सेविका, कुठल्याही दवाखान्याची परिचारिका बाईला दारात थांबवून ठेवत नाही.

मांडवात हिरव्या साडीतली मयुरी फुलांच्या दागिन्यांनी लगडून बसली होती. पाय सुजलेले, पण चेहऱ्यावर हसू. कार्ड तिच्या मांडीवरच्या ओटीत होते, नारळाखाली, आणि त्यावर कुणीतरी हळदीकुंकवाची बोटे उमटवली होती. नलिनीने ताव बाहेर काढला, तेव्हा सासू, अनुसयाबाई, मध्ये आल्या.

"आज नाई, सिस्टर. तुमच्या पाया पडतो. आज ते लाल चिठ्ठी नका लावू."

"अवं बाई, हे तिच्याच भल्यासाठी आहे."

"मले समजते ना. पण ओटी भरून राह्यलो पोरीची. गिरडच्या बाबाले नवस बोलली आहो मी, नातू घेऊन येतो म्हणून. पाच बायका पाहून राह्यल्या. उद्या लावजा, सक्काळी सक्काळी या."

आणि नलिनीने ताव पिशवीत परत ठेवला. पंगतीत बसली. पुरणाची पोळी खाल्ली. मनाशी म्हणाली, डॉक्टरांनी पाहिले आहे, तिकडे निरोप जाईलच. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती पोचली, तेव्हा अंगणात जीपच्या चाकांचे ओले ठसे होते आणि मयुरी आईबरोबर पहाटेच निघून गेलेली होती. तिकडच्या आशा कार्यकर्तीचा फोन तिने तीनदा लावला. लागला नाही. चौथ्यांदा तिने लावला नाही.

हे सारे ती रोज पहाटे स्वतःला सांगत असे, आणि दर वेळी 'चौथ्यांदा' या शब्दाशी अडखळत असे.

*

बैठकीच्या आदल्या दिवशी अनुसयाबाई सिंदी मेघेला आल्या. हातात ज्वारीचा डबा होता, दळायच्या निमित्ताचा. आमघाटमध्ये गिरणी नव्हती असे नाही. बंडूजींनी डबा घेतला आणि काही न विचारता तोलला.

"तुमचं घर सापडाले लय फिरली मी," त्या नलिनीसमोर जमिनीवरच बसत म्हणाल्या. खुर्ची दिली ती घेतली नाही. "उद्या मले पण बोलावलं आहे. तानाबाईले पण."

तानाबाई म्हणजे मयुरीची आई.

"हो."

"ते म्हणते, तुम्ही लपवलं. पोरीले दुखणं होतं तर आमाले काऊन नाई सांगितलं? तेरवीच्या दिवशी साऱ्या गावासमोर म्हणाली. मी काय सांगू तिले? मलेच कोठी समजलं होतं एवढं मोठं आहे म्हणून. बीपी म्हणजे चक्कर येते, एवढंच समजते आमाले." त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "सिस्टर, ते चिठ्ठीची गोष्ट उद्या निघन काय?"

नलिनी संगणकाकडे पाहत होती. अभ्र्यावर पिठाचा पातळ थर होता आणि त्यावर तिच्याच बोटांचे सकाळचे ठसे.

"निघन."

"मंग मले गावात तोंड दाखवाले जागा नाई राह्यत. प्रफुल तर मायाशी बोलतच नाई. महिना झाला नाई पोरीले जाऊन, अन् तो घरात मुक्याने जेवते." त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही शिकलेल्या ना! तुम्ही काऊन ऐकलं माह्यं? लावाची होती ना धक्का देऊन मले!"

दळणाचा आवाज मध्येच थांबला. बंडूजींनी गिरणी बंद केली होती.

"तुमचं बरोबर आहे," नलिनी म्हणाली. "लावाची होती. चिठ्ठी माह्या हातात होती, अनुसयाबाई. तुमच्या हातात नव्हती. उद्या मी एवढंच सांगन."

"अन् माह्यं नाव?"

"तुमचं नाव कार्डावर नाई, पोर्टलवर नाई. मी कायले घेऊ?"

बंडूजींनी उरलेले दळण पुरे केले, तेव्हा अनुसयाबाई डबा घेऊन उठल्या आणि दळणाचे काय द्यायचे ते विचारले. बंडूजी म्हणाले, "या आता. तुमच्या गावची बस जाईन."

त्या गेल्यावर ते आत आले. "म्हणजे तू सोताच सोताच्या पायावर धोंडा टाकून राह्यली."

"टाकून राह्यली."

"डॉक्टरच्या कागदावर सही मारली असती तर कोणाले समजलं नसतं."

"मले समजलं असतं."

"ते तर झालंच." त्यांनी टोपी काढून पीठ झटकले. "रंगीत प्रिंट काढजो. काळ्या-पांढऱ्यात तो ठिपका दिसन नाई."

*

बैठक तालुक्याच्या सभागृहात होती. लांब टेबलाच्या मध्यभागी जिल्ह्याहून आलेल्या मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज खाली. उजवीकडे डॉ. खडतकर, डावीकडे माहेरच्या बाजूचे डॉक्टर. समोर एक लॅपटॉप, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, आणि दाराबाहेर बाकावर दोन्ही घरची माणसे. दार उघडेच होते.

माहेरचे डॉक्टर बोलले. त्यांच्या यादीत हे नाव नव्हते. खडतकर बोलले. त्यांच्या यादीतून ते तीन तारखेला गेले होते. दोघांचेही आकडे जुळत होते.

"सेविका कोण?" मॅडमनी विचारले. "तुमचं निवेदन जोडलेलं नाही."

"सही केली नाई, मॅडम. निवेदन खोटं होतं." नलिनीने रंगीत कागद टेबलावर ठेवला. "हे दहा नोव्हेंबरच्या पहाटेचं पान आहे. हे नंतरचं."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. खोलीत कुणीतरी पाण्याचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"हे पेंटमध्ये काढलेलं आहे, मॅडम," खडतकर शांतपणे म्हणाले. "असा ठिपका कुणीही रंगवू शकतं. कोपऱ्यातलं घड्याळही मागे नेता येतं. माझा सिस्टरांवर आरोप नाही, पण हा पुरावा होत नाही."

"नेता येते, सर," नलिनी म्हणाली. तिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. "म्हणून एकटं पान नाई आणलं. तीन वर्षांचे सारे आणले. बाराशे सदतीस आहेत. एक पान मी रंगवलं असन. बाराशे सदतीस पानं पहाटे पहाटे बसून रंगवली असन काय? कोणतंही उघडा तुम्ही. मी सांगत नाई. तुम्हीच निवडा."

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि लिपिकाला खूण केली. भिंतीवर फोल्डर उघडला. नावांच्या ओळी खाली खाली धावत गेल्या. आमघाट आणि आमघाटच्या वाड्या-टोले, बायका, बाळे, तारखा, सण, उन्हाळे. मॅडमनी बोट रोखले. दोन वर्षांपूर्वीची एका बाळाची गोवराची लस. पोर्टलवर तीच नोंद काढली. तारीख तीच, तुकडी क्रमांक तोच. आणखी एक. तोच. आणखी तीन. पाचव्या वेळी चित्राच्या कडेला पिठाचे बोट उमटल्यासारखे काही दिसले आणि मॅडम किंचित हसल्या. तो फक्त भिंतीचा पोपडा होता.

"पुरे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, एक मिनिट." खडतकरांनी फाइलमधून एक कार्ड काढले. हळदीचे डाग अजून त्यावर होते. "हे मृत महिलेचं कार्ड. माहेरच्यांकडून आलंय. यावर लाल चिठ्ठी नाही. सात नोव्हेंबरचा रक्तदाबही नाही. महिला जोखमीची होती, तर सिस्टरांनी कार्डावर नोंद का केली नाही? याचा अर्थ पोर्टलवर जे होतं, ते—"

"याचा अर्थ मी लावली नाई," नलिनी म्हणाली.

ती उभी राहिली. उभे राहायची गरज नव्हती. बाकी सारे बसूनच बोलले होते.

"बारा तारखेले चिठ्ठी पिशवीत घेऊन मी तिच्या घरी गेली होती. ओटीचा कार्यक्रम होता. लावली नाई. उद्या लावू म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेली तर पोरगी निघून गेलती. ते कार्ड कोरं घेऊन माहेरी गेली. तिकडच्या सिस्टरले काही कळाचा मार्गच नव्हता. पोर्टलवर ठिपका होता, तो सरांनी पाह्यला अन् पुढं पाठवला नाई. कार्डावर चिठ्ठी पाह्यजे होती, ते मी लावली नाई. दोन्ही झालं. दोन्ही लिहा."

मॅडमनी कार्ड ओढून घेतले आणि दोन्ही बाजूंनी पाहिले.

"तुम्हाला कुणी थांबवलं होतं का?" मॅडमनी विचारले.

उघड्या दाराबाहेर बाकावर कुणाची तरी बांगडी किणकिणली.

"हात माझा होता, मॅडम."

"जानेवारीत तुमचा आदेश आहे. हे लिहिल्यावर मी काही शब्द देऊ शकत नाही."

"मागितला नाई मी."

मॅडमनी खडतकरांकडे पाहिले. ते पेनाचे टोपण उघडत, मिटत होते. "आधीचं पान कुणाच्या लॉगिनवरून बदललं, ते मला आजच्या आज हवं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समोरचा तक्ता ओढला, आमघाटच्या ओळीवर आल्या, छापील शून्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी आकडा लिहिला.

लिपिकाने नवे निवेदन टंकून आणले. नलिनीने चष्मा नीट केला आणि उभ्यानेच वाचले. 'संबंधित लाभार्थीच्या कार्डावर सूचक चिठ्ठी लावण्यात संबंधित आरोग्यसेविकेकडून गंभीर कसूर झाली.' 'गंभीर' या शब्दावर तिची नजर थोडी थांबली. तिने तो तसाच राहू दिला. मग पेन मागून घेतले, 'संबंधित लाभार्थी' हे दोन शब्द खोडले आणि वर, अरुंद जागेत, ठळक अक्षरांत लिहिले: मयुरी प्रफुल झाडे, वय बावीस. खाली सही केली. पूर्ण, नलिनी बंडूजी उमाटे. तारीख घातली, आणि घड्याळ पाहून वेळही.

बाहेर बाकाच्या एका टोकाला अनुसयाबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला तानाबाई, वाळलेल्या, ताठ. त्यांनी आतले सारे ऐकले होते. त्या दोघींच्या मधल्या जागेत तानाबाईंची कापडी पिशवी होती.

नलिनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी म्हणावे म्हणून ती वाटभर शब्द जुळवत आली होती. आता ते गेले.

"चिठ्ठी मी नाई लावली, बाई," एवढेच ती म्हणाली.

तानाबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. मग त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि नलिनी त्या मोकळ्या झालेल्या जागेत जाऊन बसली.